चार डोकी

आत्याने एकतीस वर्षं रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये काढली. बँडेजचे रोल, सलाइनच्या बाटल्या, हातमोज्यांचे खोके. आले किती, गेले किती, उरले किती. आत्या निवृत्त झाली, खोड काही निवृत्त झाली नाही. खोके संपले तशी ती माणसं मोजू लागली. चारचौघांत बसली की तिचं आपलं मनातल्या मनात सुरू व्हायचं: कोण किती वेळा खोटं हसलं, कोणी चहा पिऊन कप तिथेच ठेवला, कोण कोणाचं बोलणं तोडतंय आणि कितव्यांदा.

बेटाच्या धक्क्यावर उतरताना पहिली नोंद धाकट्या भावाच्या नावावर पडली. भावाचं चष्म्यांचं दुकान. अख्ख्या गावाची नजर तपासणारा माणूस, पण साडेतीन तासांच्या बोटीत त्याने स्वतःचे डोळे एकदाही उघडले नव्हते. "झोप लागली होती," तो म्हणाला. झोपलेला माणूस दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसत नाही, एवढं आत्याला कळत होतं. तिने ते ठेवून दिलं.

दुसरी नोंद त्याच्या बुटांची. दुकानात घालायचे काळे, पॉलिश केलेले, तळवा आरशासारखा गुळगुळीत.

"वन्सं, मी दहा वेळा म्हटलं, डोंगरावर जायचंय, बूट घ्या," भावजय म्हणाली. "तर म्हणतात, मग हे पायात काय आहेत, टोप्या?"

आणि तिसरी नोंद एका बॅगेची. तिघांच्या चार बॅगा होत्या आणि चौथी अगदीच हलकी होती. आत्याने ती उचलून हलवून बघितली. आत काहीच नव्हतं.

"रिकामी बॅग कशाला रे, बाळ्या?"

"परत जाताना लागेल," चष्मेवाला म्हणाला आणि समुद्राकडे बघायला लागला. म्हणजे समुद्राच्या दिशेला तोंड करून चष्मा पुसायला लागला.

बॅग कोणाच्या कपड्यांसाठी होती हे सांगायची गरज नव्हती. चष्मेवाल्याला एकच मुलगी. लहानपणी कपाटावर, खिडकीच्या गजांवर, शेजाऱ्यांच्या आंब्यावर चढायची म्हणून तिला घरात सगळे खारू म्हणत. ही खारू दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी म्हणून या बेटावर आली आणि इथेच राहिली. बेटाच्या मधोमध थंडावलेला ज्वालामुखी, भोवती काळे कडे, खाली काळी वाळू. लोक लांबून चालायला येतात आणि त्यांना डोंगरापार घेऊन जायला वाटाडे लागतात. खारूला वाटाड्याचा बिल्ला हवा होता. बिल्ल्यासाठी परीक्षा होती. पहिल्यांदा ती नापास झाली, कारण लोकांना दगड दाखवण्याच्या नादात परतीची बोट चुकली. दुसऱ्यांदा नापास झाली, कारण बोट चुकू नये म्हणून तिने नको त्या आडवाटेने लोकांना उतरवलं. तिसरी संधी शेवटची. तेव्हा फोनवर बापाने म्हटलं होतं, "या वेळी नाही झालं तर?" आणि पोरगी चिडून बोलून गेली होती, "तर दुकानात येऊन बसते, झालं?"

चष्मेवाल्याने ते "झालं" गाठीला बांधून ठेवलं होतं.

*

वाटाड्यांचं ऑफिस म्हणजे धक्क्याजवळची एकच खोली. भिंतीवर दोरांची वेटोळी, खुंट्यांवर हेल्मेटं, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले मोजे आणि त्यांचा वास. टेबलापाशी थोरला वाटाड्या बसला होता. माणूस दोरासारखाच, वाळलेला आणि चिवट. नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. परीक्षा तोच घेणार होता.

"नियम असा," तो म्हणाला, "परीक्षेला चालणारी किमान चार माणसं लागतात. मोसम सुरू व्हायचाय, पाहुणे नाहीत. तुम्ही घरचे तीन. घरचे चालतात. चौथं माणूस कुठाय?"

चौथं माणूस म्हणजे बेकरीवाला. ज्या बेकरीच्या माडीवर हे तिघं उतरले होते तिचा मालक. खालच्या भट्टीमुळे माडीची फरशी अशी गरम राहायची की आत्याने पहिल्याच दिवशी पाठदुखीचं मलम बॅगेत परत ठेवून दिलं. बेकरीवाला तीस वर्षं या बेटावर राहत होता आणि एकदाही डोंगर चढला नव्हता.

"चढायचं काय त्यात? खिडकीतून दिसतो की," तो म्हणायचा. "तो मला काही मागत नाही, मी त्याला काही मागत नाही. तीस वर्षांत भांडण नाही." पण खारू रोज सकाळी त्याच्याकडचा पहिला पाव घेऊन जायची. तिने तोंड उतरवून विचारलं आणि तो विरघळला. दुकानाच्या फळीवर त्याने खडूने लिहिलं, "मालक डोंगरावर", आणि स्वतःच वाचून दोनदा हसला.

"परीक्षा सुरू झाली की मी नाही," थोरला वाटाड्या चौघांना म्हणाला. "मी म्हणजे दगड. माझ्याशी बोलायचं नाही, मला विचारायचं नाही. घसरून पडलो तर तेवढं उचला." मग तो खारूकडे वळला. "तू. पाऊस माफ, उशीर माफ, कोणी रडलं तर माफ. डोकी माफ नाहीत. चार नेलीस, चार आण."

आत्याला माणूस पटला. तिचा स्टोअरचा साहेब असाच बोलायचा.

*

वाट सुरुवातीला मऊ होती, खुरट्या झुडपांतून जाणारी. पुढे झुडपं संपली आणि काळ्या दगडाचं रान लागलं. कधीकाळी लाव्हा इथून वाहत आला आणि वाहता वाहताच थिजला. त्याला वळ्या पडल्या होत्या, दोरासारख्या पिळलेल्या, काही ठिकाणी नेसत्या लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. भावजय दर दहा पावलांवर वाकून हात लावून बघत होती. "बाई गं, कोणी चुण्या पाडल्या असतील यांना!" बेकरीवाल्याला त्यात जास्त भाजलेल्या पावाची साल दिसत होती. ज्याचं त्याचं दुकान ज्याच्या त्याच्या डोक्यात.

खारू पुढे होती. मधूनच थांबायची, मागे वळायची, बोटाने हवेत चार टिंबं द्यायची. आत्याही मागून मोजायची. दोघींचा आकडा जुळला की आत्याला उगाचच बरं वाटायचं. पोरगी बरं सांगत होती, थोडक्यात सांगत होती. "लाल खडी पायाखाली गोट्यांसारखी घरंगळते, टाच आधी टेका." "वास येतोय तो गंधकाचा, कोणाकडे बघू नका." शेवटचं तिने बेकरीवाल्याकडे बघत म्हटलं आणि भावजयीला हसता हसता ठसका लागला.

चष्मेवाल्याची मात्र मान खाली, नजर समोरच्याच्या टाचेवर. आत्याने त्याला विचारलं, "काय रे, गुडघा?"

"हं," तो म्हणाला. गुडघा त्याने सुचवला नव्हता, पण आयता मिळाला तर सोडणार कशाला.

अकराच्या सुमाराला निवारा लागला. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावरून ओढून बांधलेल्या तारा. आत दोन बाकं, एक खिडकी. खिडकीतून पुढची वाट दिसायची. एक लांब, अरुंद धार, जेवायच्या टेबलाएवढी रुंद, आणि दोन्ही अंगांना राखेचे उतार खाली खाली जात धुक्यात बुडालेले. धारेच्या पलीकडे खिंड, खिंडीपासून वीस मिनिटांवर विवराचा काठ.

"दिसते तशी नाहीये," खारू म्हणाली. "पाय सरकला तरी माणूस जात नाही कुठे, राखेत गुडघाभर रुतून बसतो फक्त."

चष्मेवाल्याने खिडकीतून एकदा बघितलं. मग चष्मा काढला आणि पुसायला लागला. बेकरीवाल्याने आणलेले बन सगळ्यांनी खाल्ले, तरी याचं पुसणं चालूच.

थोरला वाटाड्या, म्हणजे दगड, उठला. धारेवरून खारू माणसं कशी आणते ते समोरून बघायचं म्हणून पुढे निघून गेला. खारूने निवाऱ्याच्या दारात उभं राहून मोजलं. आत्या, आई, बेकरीवाला आणि बाकावरून उठणारे बाबा. चार. लेसा बांधल्या, पाठीवर सॅक चढल्या. तेवढ्यात आत्या बनाच्या कागदाची घडी घालत होती आणि तिने भावाचा आवाज ऐकला, नेहमीचा, सकाळी दुकानाला निघताना काढतो तसा:

"बरं, येतो मी."

"या," खारू म्हणाली. "सावकाश या."

"हो, सावकाशच."

यात कोणाला काही वावगं वाटावं असं काय होतं? आत्यालाही नाही वाटलं. तिने घडी खिशात टाकली आणि निघाली.

धारेवर धुकं चढून आलं. चार पावलांपलीकडचा माणूस दिसेना. खारूने पुढून हाक दिली, "मागचे येताय ना?" आणि मागून घोगरं उत्तर आलं, "येतोय, येतोय!" सगळे एकेक पाऊल टाकत गेले. आत्या देवाला म्हणाली की मी खोके मोजायची बाई आहे, मला इथे कशाला आणलंस. पण भीती वाटता वाटता तिला मजाही वाटत होती, आणि ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही.

*

खिंडीत दगड एका धोंड्यावर बसला होता, मांडीवर वही. खारूने वळून हवेत टिंबं दिली. एक, दोन, तीन. बोट तसंच राहिलं.

"बाबा?"

बेकरीवाल्याने मागे बघितलं. मागे फक्त धुकं होतं. शेवटचा तोच होता. म्हणजे "येतोय, येतोय" म्हणणाराही तोच.

दगडाने वहीत काहीतरी लिहिलं. पेन्सिलीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

भावजयीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मुद्दाम! मुद्दाम केलंय यांनी! रिकामी बॅग घेऊन आलाय माणूस, मला काय दिसत नाही? लेकीची परीक्षा बुडवायला…"

"थांब गं," आत्या म्हणाली. "बाळ्या हट्टी आहे, पण लबाड नाही. लबाडीला डोकं लागतं." मग खारूकडे वळून, "निघताना तो तुला काय म्हणाला? शब्द सांग. अंदाज नको."

"म्हणाले, येतो मी."

"आणि तू?"

"मी म्हटलं, या. सावकाश या."

मग बेकरीवाल्याच्या पोटातून हसू वर यायला लागलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण माणूस मोठा, हसूही मोठं. "अहो, म्हणजे ते… निरोप घेऊन गेले! रीतसर! आणि हिने रीतसर दिला!"

आत्याने कपाळावर हात मारला. पन्नास वर्षं ती ऐकत आली होती. बाळ्या शाळेत निघाला, 'येतो'. दुकानात निघाला, 'येतो'. आपल्यात जातो म्हणायचं नसतं. जाणारा म्हणतो येतो, आणि निरोप देणारा म्हणतो या. इतकी सभ्यता पाळून बाप खाली गेला होता आणि लेक वर आली होती, आणि आपलं बोलणं झालं म्हणून दोघंही निश्चिंत.

"मग काय घाबरायचं!" आत्या म्हणाली. "गेला असेल खाली. बेकरीच्या ओट्यावर पाय पसरून बसला असेल. वीस मिनिटं राहिलीत ना विवराला? जाऊन येऊ, तुझी परीक्षा उरकू, मग त्याला बघून घेते मी."

खारूने वॉकीटॉकी काढला. ऑफिसातून उत्तर आलं, अजून कोणी उतरलेलं नाही. उतरायला तास लागतो, आणि होऊन गेला होता जेमतेम अर्धा तास. म्हणजे त्यातून काहीच ठरत नव्हतं. तिने दगडाकडे बघितलं. दगड आभाळाकडे बघत होता. वरच्या अंगाला धुकं जरासं फाटलं आणि विवराचा काठ दिसला, लालसर, हात लावावा इतका जवळ.

"ते ओट्यावर बसलेत असं तुम्हाला वाटतंय, आत्या," खारू म्हणाली. "मला माहीत पाहिजे. मागे फिरा."

"अगं, पण शेवटची संधी…"

"आत्या. मागे फिरा."

आवाज वर गेला नाही, म्हणून आत्या फिरली.

*

निवाऱ्यापासून खाली दोन वाटा जात होत्या. उजवीकडची गावाकडे, आपण आलो ती. डावीकडची मागच्या अंगाने कड्यावरून काळ्या वाळूच्या किनाऱ्याला. खारू ओणवी होऊन राखेवरून फिरत होती. खाचांचे ठसे सगळ्यांचे. आणि त्यात एक ठसा बिनखाचांचा, गुळगुळीत, इस्त्री फिरवल्यासारखा.

"दुकानाचे बूट," भावजय पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते बूट बरे वाटले.

ठसे डावीकडे गेले होते. धुक्यात त्याची वाट चुकली होती.

खारू पुढे, तिघं मागे, दगड सर्वांत मागे. पंधराएक मिनिटं उतरल्यावर धुकं एकदम वरच राहिल्यासारखं संपलं. डोळ्यांसमोर समुद्रच समुद्र. वाट कड्याच्या अंगाने तिरकी खाली जात होती. वाट तशी रुंद, बैलगाडी जाईल एवढी. पण खाली लाटांचा पांढरा काठ दोऱ्याएवढा दिसत होता. आणि वाटेच्या आतल्या बाजूला एका काळ्या धोंड्याला मिठी मारून चष्मेवाला बसला होता. डोळे घट्ट मिटलेले.

खारूने आधी श्वास सोडला. मग हवेत चौथं टिंब दिलं.

"बसलोय जरा," चष्मेवाला डोळे न उघडता म्हणाला. "देखावा बघतोय."

"डोळे मिटून?" आत्या म्हणाली.

"ताई, तू गप्प बस."

"गुडघा कसाय?"

त्याने धोंड्याची मिठी आणखी घट्ट केली. मग म्हणाला, "गुडघा ठणठणीत आहे. मला… उंचावर नाही जमत. खाली बघितलं की डोळे आपोआप मिटतात. बोटीतही तेच झालं."

"कधीपासून?" भावजयीने विचारलं.

"शाळेच्या गच्चीपासून."

"अहो, मग लग्नाआधी सांगायचं नाही का!"

"लग्नात उंचीचा काय संबंध?"

"तिसऱ्या मजल्यावरचं घर, छान वारा, दोन बाल्कन्या! आणि तुम्ही घेतलंत तळमजल्यावरचं, पिठाच्या गिरणीला लागून! सव्वीस वर्षं मी त्या गिरणीची घरघर ऐकतेय, आणि आज मला कारण कळतंय!"

बेकरीवाला हळूच दुसरीकडे बघायला लागला. खारू मात्र वाटेकडे बघत होती. वर जायचं तर सुटी राख, दोन पावलं पुढे, एक मागे. अशा माणसाला ते जमणार नाही. खाली वाट पक्की होती. तिने वॉकीटॉकीवर कळवलं, चौथं माणूस सापडलं, किनाऱ्याला उतरतेय, बोट तिकडे पाठवा. मग ती बापासमोर पाठ करून उभी राहिली.

"बाबा, डोळे उघडा. खाली नाही, समोर. माझ्या सॅकवर एक लेबल शिवलंय. वाचता येतंय?"

चष्मेवाल्याचे डोळे किलकिले झाले. दुखरी नस दाबली होती. "वाचता येतंय का म्हणजे? दोन हातांवरून? … 'थंड पाण्यात धुवावे.' टाइप बारीक आहे, पण छपाई स्वच्छ आहे."

"पुढची ओळ?"

"'पिळू नये.'"

"उभे राहा. मी चालते, तुम्ही वाचत या. अंतर वाढू द्यायचं नाही, नाहीतर अक्षर पुसट होतं."

आणि तो उठला. धोंडा सोडला. लेकीच्या पाठीवर नजर लावून पाऊल टाकू लागला. "'पिळू नये. इस्त्री करू नये. कडक उन्हात वाळवू नये. इतर कपड्यांपासून वेगळे ठेवावे.'" संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

"आमच्या घरी मलाही याच सूचना आहेत," बेकरीवाला म्हणाला.

आत्याने मोजलं. किनाऱ्याला पोचेपर्यंत लेबल सदतीस वेळा वाचून झालं.

*

वाळू काळी, ऊबदार, आणि लाट परतली की चमकणारी. सगळ्यांनी बूट काढले. भावजयीने पाय पाण्यात घातले आणि नवऱ्यावरचा राग तेवढ्यापुरता विसरली. दगडाने वही मिटली, बाटलीतलं घोटभर पाणी प्यायला आणि पुन्हा माणूस झाला.

"चार नेलीस, चार आणलीस," तो खारूला म्हणाला. "निवाऱ्यावर मोजलंस, पण दारात मोजलंस. वाटेला लागल्यावर मोजायचं असतं. ती चूक लिहिलीये. खिंडीतून मागे फिरलीस, ठसे ओळखलेस, तेही लिहिलंय."

"चूक माझी आहे," चष्मेवाला मधेच म्हणाला. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पण आवाज दुकानातला. "तिच्या नावावर का लिहिता? लिहा, प्रवासी मूर्ख होता."

"मूर्खासाठी रकाना नाही."

"मग काढा! एवढी मोठी वही आहे!"

आत्या चाट पडली. रिकामी बॅग घेऊन आलेला माणूस लेकीच्या बाजूने भांडत होता, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"ऐकून घ्या," थोरला वाटाड्या म्हणाला. "विवराचा रकाना रिकामा आहे. रिकामा रकाना मी मायेने भरत नाही. अर्धवट परीक्षा दुसऱ्या दिवशी पुरी करता येते. उद्या निवाऱ्यापासून विवरापर्यंत. पण माणसं हीच चार. एक जरी बदललं तर ती नवी परीक्षा धरतात, आणि हिची चौथी परीक्षा नियमात नाही."

लाट आली, गेली. सगळ्यांच्या नजरा एका माणसावर जाऊन बसल्या.

आत्याही बघत होती. काही लबाडी करायची गरज नव्हती. 'मला उंचावर नाही जमत,' एवढं खरं बोलला तरी पोरगी आयती दुकानात येऊन बसणार होती. कोणी दोषही दिला नसता.

"बाबा, नाही म्हटलंत तरी चालेल," खारू म्हणाली. मनापासून म्हणाली.

चष्मेवाल्याने एक बूट उचलून उलटा केला. मूठभर काळी वाळू खाली पडली. "खिंडीपासून विवर वीस मिनिटं म्हणे?"

"हो."

"आणि आत्याने तुला म्हटलं म्हणे, तो गेला असेल बेकरीत, चल वर."

"हो."

"तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो वर," तो म्हणाला. दुसरा बूट झटकला. "ती धार किती पावलांची आहे?"

"दोनशे दहा."

"मग ते लेबल पुरायचं नाही. पाठ झालंय."

"मी तिच्या पाठीला वर्तमानपत्र बांधते," भावजय पाण्यातून ओरडली.

"मधलं पान बांध. पहिल्या पानावर नुसते मोठे टाइप असतात."

*

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या फळीवर लिहिलं होतं, "मालक पुन्हा डोंगरावर". चष्मेवाल्याच्या पायात वाटाड्यांच्या ऑफिसातले उसने बूट होते, एक नंबर मोठे. खारूच्या सॅकवर छोट्या जाहिरातींचं पान चारही कोपऱ्यांना पिना लावून बसवलं होतं.

आज धुकं नव्हतं. धार या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख दिसत होती, दोन्ही अंगांचे उतार पार तळापर्यंत. निवाऱ्याबाहेर, वाटेवर, खारूने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं आणि बापाच्या खांद्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला.

"चला."

"'भाड्याने देणे आहे,'" चष्मेवाल्याने सुरुवात केली, "'दोन खोल्या, पाणी चोवीस तास. हरवले आहे, पांढरे मांजर, शेपटी तुटकी…'" त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मधे एकदा वाऱ्याने पान फडफडलं आणि तो थिजला. खारूही थांबली. वळली नाही. "बाबा, मांजराचं पुढे काय झालं?" तिने विचारलं. पान स्थिर झालं. "'…आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस,'" तो म्हणाला आणि पाऊल पुढे पडलं. मागे आत्या, भावजय, बेकरीवाला. 'जुनी शिलाई मशीन', 'गृहिणींसाठी घरबसल्या काम' आणि 'वधू पाहिजे' इतकं होईपर्यंत खिंड आली. तिथे खारूने पुन्हा खांदे मोजले. वीस मिनिटांत विवर आलं.

विवर म्हणजे डोंगराने वासलेला जबडा. आतल्या भिंती लाल, तपकिरी, कुठे गंधकाने हळदीसारख्या पिवळ्या झालेल्या. तळाशी दोन ठिकाणांहून वाफेचे धागे निघत होते. जमीन तळव्यांना गरम लागत होती.

"भट्टी!" बेकरीवाला ओरडला. "अहो, ही तर केवढी भट्टी!" तीस वर्षांचा अबोला एका दमात संपला.

थोरल्या वाटाड्याने स्वतः चार डोकी मोजली, वहीत शेवटचा रकाना भरला आणि खिशातून बिल्ला काढला. पितळी, नखाएवढ्या डोंगराचा. "घे. लावून टाक. वारा सुटलाय, हरवशील," एवढंच म्हणाला. त्याचं भाषण ते एवढंच.

मग काय विचारता! भावजय रडली आणि रडता रडता फोटोसाठी पदर नीट केला. बेकरीवाल्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. ती विवरात फिरून परत आली, तेव्हा पुन्हा ठोकली. आत्याने आतली वाफ नीट दिसावी म्हणून एक पाय पुढे टाकला, भावजय तिच्याशेजारी आली, बेकरीवाला दोघींच्या मधून डोकावला.

"मागे!" खारू कडाडली. "काठ कच्चा आहे! सगळे दोन पावलं मागे. आत्ता!"

एकतीस वर्षांत आत्या हाताखालच्या कोणाच्या सांगण्यावरून एक पाऊल मागे आली नव्हती. ती दोन आली. भावजय दोन आली, बेकरीवाला घाबरून तीन. चष्मेवाला मुळात काठापासून वीस हात लांब, एका धोंड्याला धरून बसलेला होता. त्याने चष्मा सावरला आणि बसल्या बसल्याच दोन वीत मागे सरकला.